छाटणीच्या आदल्या दिवशी

बाटली घेतली तेव्हा जयराजला कशावर काही मारायचं नव्हतं. साताऱ्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीत एक तुळस आणि रुसून बसलेला एक गुलाब, एवढीच त्याची शेती. त्या गुलाबासाठी शेणखताची पिशवी आणा म्हणून बायकोनं, प्रियदर्शनीनं, शनिवारी संध्याकाळी त्याला पिटाळलं होतं. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी त्याच्यापुढं एक म्हातारा उभा होता आणि दुकानदार त्याला बजावत होता, "आजोबा, ह्ये टू-फोर-डी उसातल्या तणाला मारा, पर त्यो पंप कुणाच्या द्राक्षबागंत नेऊ नगा. धुतला तरी नेऊ नगा. नुसत्या वासानं बाग जळती." म्हातारा म्हणाला, "आमाला कुठली आलीया बाग?" आणि पिशवी काखेत मारून निघून गेला. झालं ते एवढंच. पण जयराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली, इतकी की त्याला काउंटरची कड धरावी लागली. दुकानदारानं विचारलं, "बोला, काय देऊ?" आणि त्याच्या तोंडून निघालं, "त्यांना दिलं तेच. लहानातली बाटली." शेणखत राहूनच गेलं. घरी येऊन त्यानं बाटली हेल्मेटमध्ये ठेवली, वर जुना रुमाल कोंबला आणि बायकोला सांगितलं, दुकान बंद होतं.

डूख धरणं म्हणायला सोपं आहे. रोज उठून दात घासायचे, एमआयडीसीत पाळीला जायचं, पोरांचे पाढे घ्यायचे, कुणी विनोद केला तर हसायचं, आणि एवढं करून आत एक जागा अशी राखायची की तिथं दुसऱ्या कशाला बसू द्यायचं नाही, याला चिकाटी लागते. जयराजकडे ती होती. आठ वर्षं त्यानं ती जागा राखली होती आणि तिथं एकटा नाथाजी बसलेला होता. नाथाजी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, शिवांजलीचा, सासरा. पांढरी टोपी, कानावर केस, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय. रात्री कुशी बदलताना जयराजला तो हात अजून खांद्यावर जाणवायचा. काय करायचं हे मात्र त्यानं कधी ठरवलं नव्हतं. मारामारी त्याच्या रक्तात नव्हती आणि कोर्टात जाण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ती बाटली हातात आली आणि ठरवायचं काही उरलंच नाही. ज्या पापाची शिक्षा भोगून झाली, ते पाप करायचं तेवढं राहिलं होतं.

रविवारी सकाळी इंद्रजितनं खाली येऊन बुलेटचा आवाज दिला. इंद्रजित फौजेतून निवृत्त होऊन जयराजच्याच कंपनीत सुरक्षेवर लागला होता. पावसाळा सरला की दर रविवारी दोघं गाड्या काढत, कुठंतरी चहा पीत आणि जेवायला घरी परत येत. "आज कुठं रं? कासला नको गड्या. समदा सातारा तिथं फोटू काढत बसलेला असतोय."

"तासगावकडं जाऊ," जयराज म्हणाला. "बहीण हाय माझी तिकडं. द्राक्षाची बाग हाय त्यांची. आता पानगळ चालू असंल."

"तुला बहीण हाय? इतकी वर्सं संगं चहा पितोय, कवा बोलला न्हाईस."

"निघायचं का न्हाई?" असं म्हणून जयराजनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. बाटली आतल्या खिशात होती, डाव्या बरगडीला लागून. वरून प्रियदर्शनी ओरडली, "येताना बेदाणे आणा!" त्यानं मान हलवली. बहिणीकडे निघालोय म्हटल्यावर ती जरा चकित झाली होती, मग तिचे डोळे भरून आले होते, आणि ते भरलेले डोळे त्याला मुळीच सोसले नव्हते. तिला वाटलं होतं, नवरा समेट करायला निघालाय.

दसरा होऊन गेला होता, दिवाळीला वेळ होता. उन्हाला धार होती पण सावलीत शिरलं की अंगावरून गार हात फिरावा तसं वाटे. कऱ्हाड सोडून विट्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडे उसाला तुरे आलेले, मध्येच झेंडूची उरलीसुरली फुलं, कडेला गाजर गवताचं रान. आठ वर्षांपूर्वी, फलटणजवळच्या गावी राहत होता तेव्हा, विट्यापासून पुढं तो ह्याच रस्त्यानं गेला होता. ऑक्टोबरच होता. शिवांजलीचा फोन आला होता, दादा, छाटणी तोंडावर आलीय, माणसं मिळत नाहीत, सासरेमामा अगदी टेकीला आलेत, दोन दिवस येतोस का? त्यानं कंपनीत रजा टाकली आणि फलटणच्या बाजारातून कोरा करकरीत पंप विकत घेतला. उसाच्या घरातला जुना पंप बागायतदाराच्या दारात नेऊ नये एवढं त्यालाही कळत होतं. उसात आयुष्य गेलेल्या बापाच्या पोटी तो जन्मलेला होता. खोका बांधून मोटारसायकलच्या मागं लावून तो पंप त्यानं त्यांच्या अंगणात आणला, आणि त्यावरची चिकटपट्टी शिवांजलीनंच दातानं तोडली. त्या वेळी ती हसत होती, चिकटपट्टीचा तुकडा तिच्या ओठाला चिकटला होता. दोन दिवस तो त्या बागेत फवारत होता. छाटणी झाली, तो गावी परतला, आणि मग पोंगे, म्हणजे कोवळे कोंब, फुटून पानं उलगडायला लागली तेव्हा ती सरळ उलगडलीच नाहीत. चिमटलेली, शिरा एकात एक गोळा झालेल्या, फाटक्या पंज्यासारखी पानं. बागायतदाराला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही, उसातलं औषध बागेत आलंय हे ते पान बघूनच कळतं. आणि उसाच्या घरातून त्या बागेत आलेला एकच माणूस होता.

नाथाजीनं त्याला बोलावून घेतलं होतं. भावकी ओसरीवर बसलेली. जयराजचा बापही सोबत आला होता, धोतर नेसून, पोरीच्या सासरी जायचं म्हणून दाढी करून. नाथाजीनं देव्हाऱ्यातलं तबक आणलं, त्यात बेल आणि भंडारा, आणि जयराजच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पाव्हणं, उचला. पंप नवा हुता म्हणताय न्हवं? उचला आन म्हणा." जयराजनं उचलला. भंडारा मुठीत घेऊन तो खंडोबाचं नाव घेऊन बोलला. त्याच्या आधी कधी त्यानं शपथ घेतली नव्हती. त्याला वाटलं, आता संपलं. नाथाजी लोकांकडे वळून म्हणाला, "बघा. देवाचा भंडारा हातात धरून खोटं बोलतोय ह्यो." बाप उठला. कुणाला काही न बोलता वहाणा शोधायला लागला, आणि वहाणा समोर असून त्याला त्या बराच वेळ दिसल्याच नाहीत. शिवांजली दाराआडून म्हणाली, "मी सोता खोका फोडलाय," तर सासूनं तिला आत घेतलं. सुनेच्या शब्दाला तिथं कोण विचारतो. भंडाऱ्याचा पिवळा रंग जयराजच्या हाताच्या रेषांत शिरला होता आणि परतीच्या एस.टी.त तो हात मांडीखाली दाबून बसला होता.

गाव तर काय, गावाला निमित्तच लागतं. पारावर कुणीतरी त्याला टू-फोर-डी म्हणालं आणि तेच नाव पडलं. आला बघ टू-फोर-डी. टू-फोर-डी, आमच्या पोरीच्या सासरी नको जाऊस बरं का. लोक थट्टेत म्हणायचे, त्यांच्या मनात काही नसायचं, आणि तेच जिव्हारी लागायचं. बापाचं पारावर बसणं बंद झालं. वर्षाच्या आत तो गेला. शेवटी शेवटी पोरीचं नाव घेत होता. निरोप गेले, तिला पाठवलं नाही. पाठवलं ते माती द्यायला, सासूच्या पहाऱ्यात, आणि दिवेलागणीच्या आत परत नेलं. तेवढ्यात चुलीपाशी तिनं जयराजला गाठलं होतं आणि घाईघाईनं म्हणाली होती, "दादा, जग काय बी म्हणू दे. मला ठाव हाय तू केलं न्हाईस." त्यानं त्या घरातले सगळे नंबर फोनमधून काढून टाकले, त्यात तिचाही टाकला, आणि गाव सोडून साताऱ्याला आला. राखी मात्र दर वर्षी पोस्टानं यायची. चिठ्ठी नाही, नुसती राखी आणि कुंकवाचा डाग. ती तो बायकोला बांधू द्यायचा नाही. एक टोक दातात धरून स्वतःच बांधायचा, आणि मग दिवसभर त्याला कुणी काही म्हणालं तरी लागायचं नाही. जगात एक माणूस होतं ज्याला त्यानं ते केलं नाही हे माहीत होतं. तेवढ्या एका ओळखीवर तो चालत आला होता, आणि आज तिच्याच दारात चालला होता. हा विचार त्याला विट्याच्या पुढं एका वळणावर आला, तेव्हा त्यानं गाडीचा वेग वाढवला. मागून इंद्रजित हॉर्न देत राहिला.

अंगणात गाड्या लागल्या. नाथाजी खाटेवर बसला होता. म्हातारा झाला होता, गालफडं आत गेलेली, टोपी मात्र तशीच पांढरी. जयराजनं मनात कितीदा तरी हा क्षण उभा केला होता. नाथाजी ओरडेल, हाकलेल, आणि मग जे करायचं ते करायला आणखी बळ येईल. नाथाजी उठला आणि म्हणाला, "आवं, जयराजराव! या या. वाट चुकला जणू. आगं ए शिवांजली, कोण आलंय बघ तरी!" आणि जवळ येऊन त्यानं खांद्यावर हात टाकला. इंद्रजितशी राम राम झाला, पाणी आलं. शिवांजली दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. ती जाड झाली होती, कानाजवळ दोन-चार पांढरे केस. तिच्या तोंडून नुसतं "दादा" निघालं आणि ती चहा टाकायला आत पळाली. एवढ्या वर्षांनी भाऊ आला तर बाईला चहाच टाकायला पळावं लागतं.

"बाग दावतो चला पाव्हण्यांना," नाथाजी म्हणाला.

बाग खरोखर झडत होती. मांडवावरची पानं पिवळी, काही तांबूस, वारा आला की ओळीच्या ओळीतून खाली येत होती आणि पायाखाली त्यांचा थर कुरकुरत होता. वरून उन्हाचे कवडसे, मधून मोकळ्या होत चाललेल्या काड्या. इंद्रजित मोबाइल काढून उभाच राहिला. "काय बोलतोस! काश्मीरला चिनार असाच झडतोय गड्या. पोस्टिंगला असताना बघितल्यालं, त्यानंतर आज."

"चिनारचं ठाव न्हाई," नाथाजी हसला. "पर हितं झाड आपसूक पान टाकत न्हाई फौजी. पाणी तोडायचं, औषध मारायचं, टाकायला लावायचं. उद्याच्याला छाटणी. आज मोरचुदाचा शेवटचा फवारा, आमचा साईराज घेतोय." साईराज म्हणजे शिवांजलीचा नवरा. तो लांब दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरवर दिसत होता, तोंडाला फडकं बांधून. त्यानं तिथूनच हात केला. जवळच सिमेंटचा हौद होता, त्यात मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी कालवून ठेवलेलं. ट्रॅक्टर मधून मधून यायचा, मागच्या ब्लोअरच्या, म्हणजे फवारणीच्या मोठ्या यंत्राच्या, टाकीत ते पाणी ओढून घ्यायचा आणि पुन्हा ओळीत शिरायचा. जयराजनं हौदाकडे बघितलं. त्या निळ्यात बाटलीभर काही पडलं तर देवालाही दिसलं नसतं.

इंद्रजितनं आपला सहज विचारलं, "मामा, असली बाग कवा बिघडत न्हाई का?"

"बिघडती की. एक साल पुरी जळाली हुती, हे जयराजरावच हुते तवा," नाथाजी म्हणाला. त्याचा आवाज इतका सहज होता की जयराजला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "टू-फोर-डी आलं बागंत. आमी आपलं धरलं ह्यांच्या पंपाला. लय बोललो म्या तवा. आन झालं काय, पल्याडच्या केरबाचा ब्लोअर आमच्या साईराजनं मागून आणल्याला, त्या केरबानं त्यो आधी मक्यातल्या तणाला वापरल्याला. दोन सालानं केरबाची सोताची बाग जळाली, त्याच ब्लोअरनं, तवा उलगडा झाला. काय सांगायचं!" आणि मान हलवून तो हसला, जुनी गंमत सांगून झाल्यावर माणूस हसतो तसा. मग जयराजकडे वळून म्हणाला, "तुमाला कळवायचं राहूनच गेलं बघा. आज करू उद्या करू. तुमी बी येणंच सोडलंत की राव."

राहूनच गेलं. जयराजला पायाखालची पानं ऐकू येत होती, बाकी काही नाही. दोन सालानं कळलं. म्हणजे बाप गेल्यावर. म्हणजे सहा वर्षं. सहा वर्षं हा माणूस सकाळी उठून चहा प्यायला, छाटण्या केल्या, बेदाणा वाळवला, लग्नकार्यांना गेला, आणि एकदाही त्याला वाटलं नाही की साताऱ्यात एका माणसाला एक वाक्य सांगायचं आहे. भावकी बोलावून, ओसरीवर बसवून, भंडारा उचलायला लावून ज्यानं आळ घातला, त्यानं तो काढला असा, बागेत फिरता फिरता, परक्या माणसाला सांगता सांगता. शत्रुत्व परवडलं असतं. शत्रुत्वात माणूस आपल्याला धरून तरी असतो. पारावरचे आवाज, बापाचं ते वहाणा शोधणं, हे सगळं ज्याच्या नावावर लिहून ठेवलं होतं त्याच्या लेखी ते कधीच मिटून गेलं होतं. बाटली बरगडीला टोचत होती. जाकिटात घाम आला होता. नाथाजी इंद्रजितला नवीन लावलेला प्लॉट दाखवायला पुढं घेऊन गेला आणि जयराज हौदापाशी एकटा राहिला.

शिवांजली चहा घेऊन आली. कप भरून तिनं कठड्यावर ठेवला. "एवढा राग धरतात व्हय रं?" ती हळू म्हणाली. "मामांनी तुला फोन करून समदं सांगितलं, माफी मागितली, तरी बी आला न्हाईस. मी म्हणलं, दादा माझ्यावर बी रागावला."

"कुणी सांगितलं फोन केला म्हणून?"

"तुझ्या दाजींनीच," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिला उमगलं. तिची मान खाली गेली. "न्हाई केला?" ती नुसती पिवळ्या पानांकडे बघत राहिली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "राखी तरी मिळत हुती न्हवं?" त्यानं मान हलवली. तिला आतून हाक आली, ती गेली. त्याला तिच्यामागं जाऊन काहीतरी म्हणायचं होतं, पण त्या रागात त्याच्या तोंडून चांगला शब्द आलाच नसता.

त्यानं बाटली काढली. झाकण फिरवलं तसं सील तुटल्याचा आवाज झाला. वास आला, डोक्यात जाणारा, औषधाचा, फलटणच्या उसाच्या सरीतला, लहानपणचा. हौदातलं निळं पाणी गप्प होतं. हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. दया आली म्हणून थांबला असं कुणी समजू नये, जयराजला त्या घटकेला कुणाचीही दया नव्हती. तो थांबला कारण त्याला दिसलं की एकदा हे ओतलं की नाथाजी खरा ठरतो. ओसरीवर बसून जे बोलला ते सगळं खरं, शपथ खोटी, पारावरचं नाव बरोबर. आपल्याच हातानं आपण म्हाताऱ्याला सोडवतोय. हे लक्षात आलं तसं त्याला त्याच्या रागाचाही राग आला. मग तो बांध ओलांडून पलीकडच्या मुरमाड पडीत गेला, तिथं गाजर गवत कमरेएवढं माजलं होतं, त्याच्या बुडात त्यानं बाटली पालथी केली आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत झटकली. थोडं हातावर सांडलं. परत येऊन तो हौदाच्या कठड्याला टेकून उभा राहिला. ट्रॅक्टर आला, ब्लोअरची टाकी भरली, साईराजनं फडक्याआडून विचारलं, "चहा झाला का पाव्हणं?" "झाला की दाजी," जयराज म्हणाला. ट्रॅक्टर बागेत शिरला. निळा धूर ओळीओळीतून पसरायला लागला तो त्यानं शांतपणे बघितला. एक ओळ, मग दुसरी, मग अर्धी बाग. तेव्हा त्यानं रिकामी बाटली कठड्यावर, नाव समोर दिसेल अशी, नीट ठेवली. झाकण शेजारी ठेवलं.

नाथाजी बोलत बोलतच परत आला आणि त्याचं बोलणं तुटलं. बाटलीचं नाव त्याला दुरूनच ओळखता आलं. "ह्ये काय?"

"बाटली," जयराज म्हणाला.

"आतलं औषध कुठं हाय?" जयराजनं झाकण बोटानं सरळ केलं. "जयराज, आतलं कुठं हाय?" म्हाताऱ्यानं हौदाकडे बघितलं, ब्लोअरच्या आवाजाकडे बघितलं, आणि टोपी काढून ओरडला, "ए साईराज! बंद कर! बंद कर आदी ते!" ट्रॅक्टर थांबला, तेव्हा बागेतून फक्त पानं पडल्याचा आवाज येत होता. नाथाजी हौदावर वाकून वास घ्यायला लागला. मोरचुदापुढं त्याला काय वास येणार. मग काड्यांवर हात फिरवायला लागला, ह्या वेलीच्या, त्या वेलीच्या. काड्या नुसत्या काड्या होत्या. झडत्या बागेत काही दिसत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? पोंगा फुटायला हवा, पान उलगडायला हवं, तोवर सकाळी उठून चिमटीत काडी धरून बघायचं आणि संध्याकाळी पुन्हा बघायचं. त्याचे ओठ हलत होते. "टाकलंस का? सांग. शपथ घे गळ्याची, खरं सांग."

"शपथ तवा घेतली हुती," जयराज म्हणाला. "तुमी मानली न्हाई."

"आरं पर आता मानतो की! आता तू म्हणशील त्ये मानतो."

"पानं फुटली की बघा."

इंद्रजित मध्ये पडला, "काय चाललंय ह्ये? जयराज, काय केलंस तू?" पण जयराज अंगणाकडे चालायला लागला होता. त्याच्या पायांना वजन नव्हतं. मागून म्हातारा रडतोय की शिव्या देतोय हे कळत नव्हतं, साईराज धावत येतोय, त्याला इंद्रजित छातीला धरून अडवतोय, हे त्याला न वळता कळत होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीतली ती राखलेली जागा मोकळी झाली होती, आणि तिथून गार वारा वाहत होता. त्याला हसू येईल असं वाटत होतं. त्यानं गाडीला चावी लावली.

शिवांजली पळत आली. तिला तोवर कळलं होतं. असल्या गोष्टी घराला लगेच कळतात. तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि तिच्या नाकात वास गेला असावा, कारण ती थांबली. "दादा," ती म्हणाली, "त्यांचं जाऊ दे. त्यांनी केलं ते केलं. मला तरी सांग. टाकलंस का रं?"

खोका फोडणारी तीच. चुलीपाशी बोलणारी तीच. तिला सांगायचं एकच शब्दाचं काम होतं. पण तिला सांगितलं की तिच्या चेहऱ्यावर येणार, ती लपवू शकणारी बाई नव्हती, लहानपणी लाडू चोरला तरी तिच्या चेहऱ्यावर यायचा. दिवेलागणीच्या आत नवऱ्याला कळणार आणि म्हातारा रात्री सुखानं झोपणार. पुढं पानं सरळ निघाली की तिला कळेलच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण पानं फार तर सांगतील की हौदात काही पडलं नव्हतं. ती आज विचारत होती, त्याला विचारत होती, डोळे वर करून. तो तिच्या डोळ्यांकडे न बघता, गाडीच्या टाकीकडे बघत म्हणाला, "पानं फुटली की बघ," आणि तेच शब्द तिच्यासाठीही आपल्या तोंडून बाहेर पडलेले त्यानं ऐकले.

तिनं त्याचे हात सोडले. मग म्हणाली, "थांब. हात धुऊन जा. घरात पोरं हायत तुझी."

ती आतून तांब्या घेऊन आली. अंगणाच्या कडेला, जिथून बागेची पहिली ओळ सुरू होत होती तिथं तो वाकला, आणि ती हातावर धार धरून उभी राहिली. तो हात चोळत होता. इंद्रजितनं लांबूनच आपली गाडी सुरू केली. हातावरून पडलेलं पाणी उतारानं वेलींच्या बुडाकडे निघालं तसं शिवांजलीनं ओतायचं थांबवलं, टाचेनं माती ओढून पाण्याच्या आड बोटभर उंचीचा बांध घातला, पायानं तो दाबून घट्ट केला, आणि मग त्याच्या हातावर पुन्हा पाणी घालायला लागली.